नवी शाईन आल्यावर जुन्या स्प्लेंडरचे काय करावे

गेल्या दसऱ्याला, 2 ऑक्टोबर 2025 रोजी, आमच्या घरी होंडा शाईन 125 आली आणि त्या दिवसापासून जुळे सोलापुरातील आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन मोटारसायकली उभ्या राहू लागल्या. दुसरी म्हणजे माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, 2006 साली पतसंस्थेचे कर्ज काढून घेतलेली हिरो होंडा स्प्लेंडर प्लस. नवी घेतली की जुनी काढून टाकायची, असा सल्ला जवळजवळ प्रत्येकाने दिला. मात्र जुन्या गाडीच्या नोंदणीची मुदत येत्या मे महिन्यात संपत असल्याने निर्णय केवळ मनाच्या ओढीवर सोडता येण्यासारखा नव्हता. म्हणून चार महिने दोन्ही गाड्यांवर लक्ष ठेवले, पेट्रोलचा आणि दुरुस्तीचा हिशेब लिहून ठेवला. त्यातून जे हाती आले ते इथे मांडतो आहे, कारण सोलापुरात ज्या घरी जुनी स्प्लेंडर नाही असे घर शोधावे लागेल आणि हा प्रश्न बहुतेकांपुढे कधी ना कधी येणारच आहे.

नवी गाडी घेण्याचे कारण सीनेचा पूर. सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीला आलेल्या महापुराने माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांतील शेतीची जी हानी केली ती सर्वांनी पाहिली आहे. आमची थोडी शेती मंद्रूपच्या बाजूला, नदीपासून फार लांब नाही. पाणी वाढू लागले त्या दिवशी मी स्प्लेंडर घेऊन तिकडे गेलो होतो, गाडी शेतातल्या गोठ्याशेजारी लावली होती, आणि चुलतभावाबरोबर जनावरे वरच्या अंगाला हलवण्याच्या घाईत गाडी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरले तेव्हा सीटच्या खालच्या कडेपर्यंत गाळाची रेघ उमटलेली होती. गॅरेजमध्ये ऑइलचा नट सोडल्यावर काळ्या ऑइलऐवजी दुधाळ चहाच्या रंगाचे पाणी बाहेर आले. मेकॅनिकने आधी साधे ऑइल भरून, थोडा वेळ इंजिन चालवून, ते काढून टाकून, पुन्हा भरून असे दोनदा इंजिन धुतले, दोन्ही चाकांचे ड्रम उघडून चिखल काढला, एअर फिल्टर बदलला, टाकी उतरवून वाळवली. खर्च 3,400 रुपये झाला आणि तो सगळा आमच्या खिशातून गेला, कारण गाडीला फक्त थर्ड पार्टी विमा होता आणि त्यात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एक रुपयाही मिळत नाही. गाडी चौथ्या दिवशी पहिल्याच दोन-तीन किकमध्ये सुरू झाली, हे मी इथे मुद्दाम नोंदवतो. पण रोजच्या कामासाठी आता एकाच जुन्या गाडीवर विसंबून राहता येणार नाही, हेही त्या चार दिवसांत कळले. योगायोगाने 22 सप्टेंबरपासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला होता आणि शाईनची किंमत सहा-सात हजारांनी उतरली होती.

आता शाईनविषयी. मी अक्कलकोट रोडवरील एमआयडीसीत टॉवेलच्या दोन-तीन कारखान्यांचे हिशेब पाहतो, त्यामुळे होटगी रोड, आसरा चौक, शांती चौक असा जाऊन-येऊन वीस-बावीस किलोमीटरचा प्रवास रोजचा असतो. या प्रवासासाठी शाईनहून अधिक काही मला नको आहे. 123.94 सीसीचे इंजिन, पाच गियर आणि सुमारे साडेदहा पीएसची (म्हणजे अश्वशक्तीची) ताकद असलेली ही गाडी स्प्लेंडरच्या 97.2 सीसी, चार गियर आणि साडेसात पीएसच्या तुलनेत कागदावर फार मोठी दिसत नाही. परंतु पाठीमागे माणूस बसवून उड्डाणपुलाचा चढ चढताना हा फरक स्पष्ट कळतो, स्प्लेंडरला तिसऱ्या गियरवर उतरावे लागते तिथे शाईन चौथ्यावर न कुरकुरता जाते. स्टार्टरचा आवाजच येत नाही. पहिल्या दिवशी आप्पा बटण दाबून तसेच थांबले होते, त्यांना वाटले गाडी सुरूच झाली नाही, मग त्यांनी सायलेन्सरजवळ तळहात नेऊन वारा लागतो का ते पाहिले. सिग्नलला थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होण्याची सोय आहे. ती मी पहिला आठवडा बंद ठेवली आणि नंतर चालू केली ती आजतागायत चालूच आहे. पेट्रोल किती किलोमीटर पुरेल हे समोर आकड्यात दिसते. साइड स्टँड लावलेला असेल तर गियर टाकताच इंजिन बंद पडते, आणि स्टँड न काढता निघून वळणावर पडलेले दोघे माझ्या ओळखीचे असल्याने या एका सोयीसाठी मी कंपनीचे मनापासून आभार मानतो.

ब्रेकविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण माझ्या मते दोन्ही गाड्यांमधला खरा फरक वेगात नसून थांबण्यात आहे. एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची व्यवस्था सक्तीची झाली. शाईनमध्ये पायाचा ब्रेक दाबला की मागच्याबरोबर पुढचाही काही प्रमाणात लागतो. आमच्या पिढीला सायकलपासून मागचाच ब्रेक दाबण्याची सवय आहे. स्प्लेंडरवर घाईत फक्त पाय दाबला की मागचे चाक जागीच अडकते आणि गाडी एका बाजूला सरकते, विशेषतः आपल्याकडच्या बारीक मातीने भरलेल्या रस्त्याच्या कडेला. नोव्हेंबरमध्ये शांती चौकाच्या अलीकडे एक रिक्षा अचानक वळली तेव्हा मी सवयीने पायच दाबला, आणि शाईन सरळ रेषेत थांबली. तीच वेळ स्प्लेंडरवर आली असती तर मी पडलो असतो, याविषयी माझ्या मनात शंका नाही. म्हणून ज्यांना रोज शहराच्या गर्दीतून जायचे आहे आणि ज्यांच्याकडे दोन्ही गाड्या आहेत, त्यांनी शहरासाठी नवीच गाडी वापरावी. जुनी घरातल्या तरुण मुलाला ‘शिकायला’ म्हणून देण्याची जी पद्धत आहे ती मला अजिबात पटत नाही; ज्याचा हात बसलेला नाही त्याला अधिक चांगला ब्रेक हवा.

नव्या गाडीविषयी तक्रार आहे ती विक्रेत्याबद्दल. गाडीबरोबर गार्ड, सीट कव्हर आणि पॉलिश घ्यावेच लागेल असे सांगून ती रक्कम बिलात आधीच लिहिलेली होती, आणि बराच वेळ बसून राहिल्यावर त्यातले निम्मे कमी झाले. त्याच ठिकाणी जुन्या गाडीचे एक्स्चेंजमध्ये 9,000 रुपये सांगितले गेले. जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याने नंतर 16,000 सांगितले, पण त्याची अट अशी की आप्पांनी टीटी फॉर्मवर, म्हणजे मालकी बदलाच्या अर्जावर, सह्या करून ठेवाव्यात, गिऱ्हाईक मिळाले की नाव तो बदलून घेईल. या पद्धतीने सोलापुरात रोज कितीतरी गाड्या विकल्या जातात आणि बहुतेकांना त्यातला धोका माहीत नसतो. आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक. मधल्या काळात अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात नेमके हेच सांगितले, आणि तिथे तर गाडी एकामागून एक अनेकांच्या हाती गेलेली होती. पंचाहत्तरीच्या आप्पांच्या नावावर अशी टांगती गोष्ट ठेवणे मला मान्य नव्हते, म्हणून तो व्यवहार तिथेच सोडला.

मग ऑक्टोबर आणि अर्धा नोव्हेंबर स्प्लेंडर शेडमध्ये उभी राहिली. आप्पा रोज सकाळी फडक्याने टाकी पुसत, रविवारी किक मारून दोन मिनिटे इंजिन चालवत, आणि आम्हा दोघांनाही वाटत होते की एवढे पुरेसे आहे. ते पुरेसे नव्हते. तिसऱ्या आठवड्यात गाडी चोक ओढल्याशिवाय चालेना, चोक आत केला की बंद पडे. गॅरेजमध्ये मेकॅनिकने कार्बोरेटरची खालची वाटी उघडली तर तळाशी चिकट पिवळसर थर आणि त्यावर पांढरट भुकटी साचलेली होती. त्याने स्लो जेट, म्हणजे पेट्रोल जाण्याच्या बारीक छिद्राचा भाग, सोडवून, बोटांत धरून, माझ्या डोळ्यांसमोर उन्हाकडे केला. “ह्यातनं उजेड दिसतो का बघा, सर,” तो म्हणाला. दिसत नव्हता. पेट्रोलमध्ये धुऊन, हवेच्या नळीने फुंकून, पुन्हा उन्हाकडे धरला तेव्हा सुईच्या अग्राएवढा प्रकाशाचा ठिपका आला. दोन मिनिटे इंजिन चालवल्याने ते पुरते तापत नाही, आत तयार झालेली वाफ उडून जात नाही आणि ऑइलमध्येच उतरते, बॅटरीही भरत नाही, हे त्याने मला तेव्हा समजावले. आठवड्यातून एकदा आठ-दहा किलोमीटर फिरवा, नाहीतर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करून ठेवा, असे त्याचे म्हणणे होते.

यात आजच्या पेट्रोलचाही भाग आहे. आता पंपावर मिळते ते 20 टक्के इथेनॉल मिसळलेले असते. उसाच्या आणि साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात इथेनॉलविरुद्ध बोलणे मला योग्य वाटत नाही, कारण ते आपल्या उसातूनही येते आणि त्याचे पैसे आपल्याच शेतकऱ्यांपर्यंत पोहोचावेत अशी माझीही इच्छा आहे. परंतु इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, पाणी फार झाले की ते पाण्यासह पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते, आणि टाकीचा पत्रा आतून गंजू लागतो. शिवाय 2006 सालच्या गाडीतील पेट्रोलची नळी, कार्बोरेटरचे रबरी वॉशर आणि सुईचे टोक हे या मिश्रणाचा विचार करून बनवलेले नाहीत. त्या मिश्रणाला टिकणारे भाग एप्रिल 2023 पासूनच्या नव्या गाड्यांत आले. मी नळी आणि वॉशर बदलून घेतले, खर्च किरकोळ आला. रोज चालणाऱ्या जुन्या गाडीत पेट्रोल ताजे राहते म्हणून हा त्रास कमी होतो, उभ्या गाडीत तो वाढत जातो. मायलेजही घटले आहे. टाकी काठोकाठ भरून पुन्हा भरेपर्यंतच्या हिशेबाने स्प्लेंडर पूर्वी 60 च्या वर देत असे, आता 54 ते 56 देते. शाईन शहरात 57 आणि विजापूर रोडवर 61 देते. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते हे खरे, पण वीस वर्षांच्या इंजिनाच्या बाबतीत सगळा दोष पेट्रोलला देता येणार नाही. मोठे इंजिन असूनही नवी गाडी कमी पिते, ही तिच्यातील कार्बोरेटरऐवजी आलेल्या फ्युएल इंजेक्शनची किमया.

कागदपत्रांचा खर्च बहुतेक जण धरतच नाहीत, म्हणून आकड्यांनिशी सांगतो. खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. आम्ही 2021 साली पहिले नूतनीकरण केले तेव्हा त्याचे शुल्क 300 रुपये होते आणि महाराष्ट्राचा पर्यावरण कर 2,000 रुपये. एप्रिल 2022 पासून ते शुल्क 1,000 झाले आणि ऑगस्ट 2025 च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील मोटारसायकलींसाठी ते 2,000 करण्यात आले. आमची गाडी येत्या मे महिन्यात त्याच रेषेवर उभी आहे. त्याशिवाय उच्च सुरक्षा नंबरप्लेटचे जीएसटीसह 531 रुपये आम्ही भरले. थर्ड पार्टी विम्याचा मूळ हप्ता 75 ते 150 सीसीच्या गाडीसाठी वर्षाला 714 रुपये आहे. मालकाचा वैयक्तिक अपघात विमा मात्र एका माणसाला एकदाच पुरतो, तो एका गाडीबरोबर घेतलेला असेल तर दुसरीसाठी पुन्हा घेण्याची गरज नाही, आणि विमा काढणाऱ्याला हे स्वतःहून सांगावे लागते. पीयूसी, म्हणजे प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र, भारत स्टेज चार या धुराच्या मानकाच्या आधीच्या, आमच्यासारख्या गाडीला दर सहा महिन्यांनी लागते. म्हणजे पाच वर्षांचा हिशेब केला तर चाक न फिरवताही या गाडीवर नऊ हजारांच्या पुढे खर्च होणार. ज्या गाडीला रोजचे काम नाही तिच्यासाठी इतके पैसे घालणे मला योग्य वाटत नाही, मग तिच्याविषयी जीव कितीही असो. नोव्हेंबरच्या अखेरीस माझे मत गाडी काढून टाकण्याकडे झुकले होते.

ते बदलले चुलतभावामुळे. पूर ओसरल्यावर जमिनीत वाफसा यायला बराच वेळ लागला, ज्वारीचा पेरा उशिरा झाला, आणि त्याची स्वतःची गाडी पुरानंतर दुरुस्तीपलीकडे गेलेली होती. कार्बोरेटर साफ केल्यावर मी स्प्लेंडर तात्पुरती त्याच्याकडे नेऊन ठेवली. आता तो सकाळ-संध्याकाळ दुधाचे दोन कॅन दोन्ही बाजूंना अडकवून संकलन केंद्रावर जातो, परत येताना कधी पेंडीचे पोते, कधी कडब्याच्या पेंढ्या मागे बांधतो. दिवसाला बारा-तेरा किलोमीटर होतात. गेल्या महिन्यात मी स्वतः ती पुन्हा चालवून पाहिली तेव्हा इंजिन शेडमधल्यापेक्षा कितीतरी मऊ चालत होते, एकाच किकमध्ये सुरू होत होते, आणि टायमिंग चेनचा थोडा खुळखुळाट सोडला तर ऐकण्यासारखा दुसरा आवाज नव्हता. धूर नाही. शेतातल्या बांधावरून, दगडगोट्यांतून, कॅनचे वजन घेऊन ही गाडी ज्या शांतपणे पहिल्या-दुसऱ्या गियरवर जाते तिथे शाईनचे जास्तीचे तीन पीएस काहीच कामाचे नाहीत. काही बिघडले तर गावातल्या कोणत्याही गॅरेजमध्ये तिचा पार्ट मिळतो. क्लच प्लेट, ब्रेक शू, चेन-स्प्रॉकेट, सगळे तालुक्याच्या दुकानांत असते आणि दुरुस्त करणाऱ्याला पुस्तक उघडावे लागत नाही. हिरो आणि होंडा 2010 च्या डिसेंबरात वेगळे झाले, कंपनीचे नाव बदलले, तरी स्प्लेंडर तशीच बनत राहिल्याचा हा फायदा आहे. “दादा, तुझी शाईन इकडं आणू नको, तिला चिखल लागला तर माझ्याच जिवाला लागतंय,” असे तो म्हणाला, “ही असू दे इथंच.”

उणिवा मात्र स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. इंजिन मंद चालत असताना हेडलाइट मिणमिणता होतो, म्हणून अंधार पडल्यावर ती विजापूर हायवेवर आणायची नाही असे आम्ही ठरवले आहे. ड्रम ब्रेक पाण्यातून गेल्यावर काही वेळ नीट धरत नाहीत. दोन वर्षांच्या आत इंजिन उतरवावे लागेल, बोअर-पिस्टन आणि टायमिंग चेनसह आठ-नऊ हजारांचे काम आहे, असे मेकॅनिकने आधीच सांगून ठेवले आहे, आणि तो खर्च धरला तरी गावात दूध वाहण्यासाठी दुसरी जुनी, अनोळखी गाडी घेण्यापेक्षा ही परवडते असा आमचा हिशेब निघाला. हीच गाडी सोलापुरात माझ्या शेडमध्ये राहणार असती तर मी उलट सल्ला दिला असता: नाव बदलून मिळत असेल तर सोळा हजारांना द्यावी, आणि उशीर करू नये.

तेव्हा गाडी घरात राहील, पण माझ्याकडे नाही आणि आप्पांच्या नावावरही नाही. नूतनीकरणाआधीच ती चुलतभावाच्या नावावर करायची, पुढचा विमा आणि कर त्याने भरायचा, आणि इंजिनाच्या कामात निम्मा वाटा मी उचलायचा असे ठरले. आप्पांना हे सांगायला मला आठवडा लागला. त्यांनी ऐकून घेतले, गाडीचे आरसी बुक कपाटातल्या कापडी पिशवीतून काढले, त्यात 2006 च्या हप्त्यांच्या पावत्याही होत्या, आणि विचारले, “मग तो रोज चालवतोय ना?” मी हो म्हणालो. मालकी बदलाच्या 29 नंबरच्या फॉर्मच्या दोन्ही प्रतींवर त्यांनी सही केली. हात थोडा कापत असल्याने जुन्या कागदांवरच्या सहीशी ती जुळावी म्हणून आधी वर्तमानपत्राच्या कडेला चार-पाच वेळा करून पाहिली. येत्या मंगळवारी विजापूर रोडच्या आरटीओत जायचे आहे. चुलतभाऊ गावाहून स्प्लेंडर घेऊन येणार आहे, आणि आप्पांनी सांगून ठेवले आहे की ते तिथवर माझ्या मागे शाईनवर येतील, पण परत येताना घरापर्यंत त्याच्या मागे बसतील.